काडेपेटीतले सूत

परसातली आणखी एक केळ तोडलेली गुरुदासच्या दृष्टीस पडली, तेव्हा त्याच्या मनातील संशयाने आपले बस्तान पक्के बसविले. केळ तोडणे ही देवबागेत नवलाची गोष्ट नव्हे. घड उतरला की त्या झाडाचे काम संपते. मग कोयत्याने ते आडवे करावे आणि बाजूच्या पिल्लास वाढावयास जागा द्यावी, असा सर्वत्र शिरस्ता आहे. परंतु ही केळ अद्याप व्यायची होती. व्यायला टेकली होती इतकेच. केळफूलसुद्धा बाहेर पडले नव्हते. न व्यालेली केळ तोडणारा मनुष्य एक तर मूर्ख असतो, नाहीतर त्यास झाडाखालची जमीन हवी असते. आणि आपला मेहुणा बाबली हा मूर्ख नव्हे, हे गुरुदास पुरते ओळखून होता.

"ही केळ कोणी तोडल्यान?" विहिरीपाशी भांडी घाशीत बसलेल्या आपल्या पत्नीस, नर्मदेस, त्याने विचारले.

"बाबलीन."

"कित्याक?"

"वाऱ्यान कलंडली होती."

गुरुदासने माडांच्या शेंड्यांकडे पाहिले. एका अंगास खाडी आणि दुसऱ्या अंगास समुद्र, अशा त्या वाळूच्या पट्टीवर त्याचे उभे आयुष्य गेले होते. वारा कोणत्या दिवशी कोठून वाहिला, हे त्यास दुसऱ्याने सांगण्याचे कारण नव्हते. त्या सबंध आठवड्यात माडाचे चुडतसुद्धा हलले नव्हते. बोटवाल्या नवऱ्याशी वाऱ्याविषयी खोटे बोलण्याइतकी ही बाई कशामुळे गोंधळली असेल, असा विचार करीत तो तिच्या हातांकडे पाहू लागला. बोटांवर काळसर डाग पडले होते. तो पाहतो आहे हे ध्यानात येताच नर्मदेने दोन्ही हात बालदीतील पाण्यात बुडविले.

गुरुदास कुबल याची स्वतःची बोट होती, आणि हंगामात तो पर्यटकांना डॉल्फिन दाखवावयास खोल पाण्यात नेत असे. त्याची झोप तौक्ते वादळात गेली. त्या वादळात त्याने बोट माडांच्या बुंध्यांस दोरांनी जखडली आणि उजाडेपर्यंत तो त्या दोरांवर हात ठेवून बसून राहिला. वादळ गेले, बोट वाचली; जागरण मात्र त्याच्या घरी मुक्कामास राहिले. आरंभी लोक म्हणाले, धसका आहे, ओसरेल. पुढे दुसरा पावसाळा आला, तिसरा आला, तरी ते ओसरले नाही.

ज्यास झोप येते त्यास झोप न येणे म्हणजे काय, हे सांगून समजत नाही. लोकांचा समज असा, की रात्री जागणारा मनुष्य दिवसा पेंगत असेल. गुरुदास दिवसाही पेंगत नसे. अंग ठेचून काढल्यासारखे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी, आणि डोके मात्र टक्क जागे, अशी त्याची अवस्था असे. भर दुपारी सावलीत बाज टाकून पडला तरी कोठे नांगराचा दोर करकरला, कोठे कोणी कुजबुजले, ते सारे त्याच्या कानात येऊन पडे. सदैव जागे असलेले कान पुष्कळ ऐकतात. आणि ऐकण्यास काही नसले म्हणजे ते स्वतःच काहीतरी तयार करतात.

मागील हंगामात एक प्रसंग घडला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि दर पावसाळ्यानंतर तो आपली जागा बदलतो. ती बदललेली जागा गुरुदासला पाठ होती. तथापि त्या दिवशी बोट सरळ त्यावर गेली आणि रुतली. पाणी गुडघाभर होते, कोणास इजा झाली नाही. पुण्याच्या बायकांनी तर खाली उतरून आनंदाने फोटो काढून घेतले. परंतु गुरुदास कुबल दांड्यावर रुतला, ही वार्ता बोट किनाऱ्यास लागण्याअगोदरच सर्व गावात पोहोचली.

बाबली हा नर्मदेचा धाकटा भाऊ, मिठबावचा; तेथील आंब्याच्या बागेचे काम सोडून बहिणीकडे बोटीवर हाताखाली राहिलेला. त्या दिवसापासून तो रोज सकाळी विचारू लागला, "भावोजी, आज मी धरू सुकाणू?" आणि त्या दिवसापासून गुरुदास इंजिनची चावी कमरेच्या करगोट्यास बांधून ठेवू लागला. एकदा ही चावी हातची सुटली, की आपण आपल्याच बोटीतील एक उतारू होऊन बसू, अशी त्याची खात्री होती. चावी गेली की बोट जाईल, बोट गेली की परस जाईल आणि त्या परसात बाबली पर्यटकांसाठी खोल्या उठवील. न व्यालेल्या केळीचा अर्थ हाच, दुसरा नव्हे.

या साऱ्याचा उगम गोव्यात झाला, असे त्याचे मत होते.

त्यांची कन्या भक्ती पुण्यास नोकरीस होती. तिने चौकशी करून गोव्यातील एका संशोधन केंद्राचा ठावठिकाणा काढला. वर्षानुवर्षे झोप नसलेल्या माणसांच्या मेंदूंचा तेथे अभ्यास चालला होता. त्यांचे मेंदू व चांगली झोप असणाऱ्यांचे मेंदू यांची तुलना करून, अंतर्भागांची परस्परांशी जोडणी कशी आहे आणि आतील रसायने किती आहेत, हे ते पाहत. बाबलीने गाडी काढली. तेथील डॉक्टर संचिता या वयाने लहान व वाणीने मृदू अशा बाई होत्या. त्यांनी सांगितले, की यंत्र चुंबकाचे आहे, सबब अंगावरचे सर्व धातू काढून ठेवावे. करगोटा सोडण्याची वेळ आली तेव्हा बाबलीने हात पुढे केला. गुरुदासने त्या हाताकडे पाहिले आणि चावीसकट करगोटा डॉक्टरबाईंच्या टेबलाच्या खणात ठेवविला.

"भावोजी, मी काय ती गिळतलंय?" बाबली म्हणाला.

"तुजा काय सांगूचा," गुरुदास म्हणाला.

त्यास अरुंद बोगद्यात निजवले. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखे काही बसविले. डोळे मिटा, हलू नका, विशेष असा कसलाच विचार करू नका, स्वस्थ पडून राहा, असे बाईंनी बजावले. परंतु त्या पिंजऱ्यात डोळ्यांच्या वर एक लहान आरसा होता, आणि त्या आरशातून पायांपलीकडची काच दिसे. काचेच्या मागे नर्मदा होती, बाबली होता आणि डॉक्टरबाई होत्या. यंत्र कर्कश ठोके घालू लागले. बाई काहीतरी बोलत होत्या. नर्मदा पदर तोंडास लावून ऐकत होती. बाबली मान हलवीत होता, आणि एकदा त्याने बोटाने स्वतःच्या डोक्याकडे निर्देश केला. आवाज एकही येत नव्हता. त्या दिवशी गुरुदासने डोळे एकदाही मिटले नाहीत.

बाहेर आल्यावर त्याने बाईंस विचारले, "आपण यांना काय सांगितलेत?"

"तुम्हाला सांगितले तेच," बाई म्हणाल्या. "निकाल पुढच्या भेटीत समजावून सांगेन."

तेच म्हणजे काय, हा प्रश्न त्यास परतीच्या वाटेवर कुरतडीत राहिला. बाबली हा असा मनुष्य, की गाडी चालविताना त्याच्या तोंडास विसावा नसे. तो बांद्यापासून चौक्यापर्यंत अवाक्षर बोलला नाही. नर्मदा खिडकीबाहेर पाहत होती. घरी उतरताना ती भावास हळूच म्हणाली, "उद्यापासून," आणि त्याने मान डोलावली.

त्यानंतर सुताचे प्रकरण सुरू झाले.

प्रथम भाकरीत निघाले. घास मोडताना एक पांढरा तंतू लोंबला. कोळ्याच्या जाळ्याहून जाड, शिवणाच्या दोऱ्याहून बारीक. ओढला तर लांबत गेला. गुरुदासने तो ताटाच्या कडेस ठेवला. पुढे कुळथाच्या पिठीत निघाला, बांगड्याच्या तिखल्यात निघाला. कपड्याचा म्हणावा तर कपड्याचे सूत इतके चिकट नसते. अन्नात घातलेल्या सुताच्या गोष्टी त्याने बालपणापासून ऐकल्या होत्या, आणि त्यांतील एकाही गोष्टीचा शेवट खाणाऱ्याच्या हिताचा नव्हता. करणी ओळखणाऱ्या कोणा घाड्यास विचारावे, तर जो एक नावाजलेला होता तो मिठबावचा, म्हणजे नर्मदेच्या माहेरचा. त्याजवर तरी भरवसा कसा ठेवावा? सबब त्याने एक रिकामी काडेपेटी घेतली आणि सापडेल ते सूत नर्मदेच्या नकळत तिच्यात साठविण्यास आरंभ केला.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. त्याच्या जेवणाची चिंता बाबलीस वाटू लागली होती.

"भावोजी, जेवलास मा?" बोटीचा दोर सोडताना त्याने एका दुपारी विचारले.

"जेवलंय."

"भाकरी खाल्लास? सगळी?"

"तू माजी आवय काय रे?"

"तसा न्हय. ताईन मुद्दाम केल्यान म्हणान विचारलंय."

"मुद्दाम म्हणजे?"

बाबलीचा चेहरा उतरला. "मुद्दाम म्हणजे… मनापासून," तो म्हणाला, आणि लाइफ जॅकेटे वाटावयास निघून गेला. बोटीतील एका पाहुण्याने डॉल्फिन नक्की दिसतील ना, म्हणून विचारले. त्यास गुरुदासने असे काही उत्तर दिले, की तो गृहस्थ पुढे सबंध फेरीत बोलला नाही.

शेवटी फोनची गोष्ट घडली. एके सकाळी तो बोटीवरून अकस्मात लवकर परतला, कारण समुद्रास उधाण होते. नर्मदा स्वयंपाकघरात होती आणि भक्तीशी फोनवर बोलत होती. मागील दारी येऊन तो थांबला. चोरून ऐकणे हे त्याच्या स्वभावात पूर्वी नव्हते. परंतु पूर्वीचे त्याच्या स्वभावात आता पुष्कळ काही उरले नव्हते.

"नाय गो, तेंका काय सांगूचा नाय," नर्मदा म्हणत होती. "सांगलंय तर ताटावरसून उठतले. डॉक्टरीण म्हणाली मा, गाबो कमी झालोहा म्हणान. बाबली आणून देता, मी घालतंय. थोडो थोडो. हळूहळू कळतला."

गुरुदास पायऱ्यांवर बसला. देवळास जसा गाभारा, तसा माणसास गाभा. त्याच्या अंगचा गाभाच कमी झाला, म्हणजे माणूस आतून संपला. उरली ती नुसती साल. हे निदान डॉक्टरबाईंनी काचेच्या मागे सांगितले आणि त्याच्यापासून लपविले. बाबली काहीतरी आणून देतो, नर्मदा ते अन्नात घालते, थोडे थोडे, हळूहळू. आणि कन्येसही ते ठाऊक आहे. लग्न होऊन आली तेव्हा नर्मदेस खाडीच्या पाण्याची भीती वाटे आणि ती होडीत त्याचा सदरा धरून बसे, हे त्यास काहीही कारण नसताना आठवले.

मग रात्रीचे तिचे घोरणेही त्यास नव्याने ऐकू येऊ लागले. ते फार सारखे होते. माणसाचे घोरणे चढते, उतरते, मध्येच अडते. नर्मदेचे घोरणे एखाद्याने मोजून मापून घोरावे असे होते. ही झोपलेली नाही, झोपेचे सोंग करते आहे, हे जाणण्यास जाग्या माणसाइतका अधिकारी पुरुष दुसरा कोण? सोंग कशासाठी, एवढेच त्यास ठाऊक नव्हते.

दुसऱ्या भेटीचा दिवस आला तेव्हा तो आढेवेढे न घेता गाडीत बसला. नर्मदेस आश्चर्य वाटले. त्यास निकाल ऐकावयाचा नव्हता. त्यास पुरावा सादर करावयाचा होता. डॉक्टरबाई शिकलेल्या होत्या, गोव्याच्या होत्या, मिठबावशी त्यांचा संबंध नव्हता. कटात त्या सामील असतील, तर तेही त्यांच्या मुद्रेवर दिसून येईल.

बाईंनी तिघांस बसविले आणि संगणक उघडला. गुरुदासने हात वर केला.

"बाई, क्षमा असावी. प्रथम हे तपासावे," तो कचेरीतील भाषेत म्हणाला आणि त्याने काडेपेटी टेबलावर ठेवली.

बाईंनी ती सरकवून उघडली. आत वाळून तपकिरी झालेल्या तंतूंचा एक लहानसा गुंता होता.

"हे काय आहे?"

"माझ्या अन्नातून निघाले. रोज निघते. माझा गाभा कमी झाला आहे असे आपण यांस सांगितलेत, आणि तेव्हापासून हे मजला काहीतरी घालीत आहेत. ते काय आहे, विषारी आहे किंवा कसे, ते आपण पाहावे. माझी तक्रार नाही. मला फक्त कळावे."

बाबलीचे तोंड उघडे राहिले. नर्मदा पुढे वाकली, तिने पेटीतील एक तंतू चिमटीत धरला आणि उजेडाकडे केला. पाहता पाहता तिचा चेहरा लालबुंद झाला; परंतु तो राग नव्हता, ती लाज होती.

"ह्यो गाब्याचो सूत," ती पुटपुटली. "बाय माजे. मी बोटाक गुंडाळून गुंडाळून काढी होतंय, ताकात घाली होतंय, तरी इतको रवलो?"

"कसला गाबा?" बाईंनी विचारले.

"केळीचो. आणि कसलो?" नर्मदा बाईंकडे वळली. "तुमीच म्हणालात मा. हे त्या नळीत होते तेव्हा. झोप नसता तेंच्या डोक्यात गाबो कमी पडता म्हणान."

डॉक्टरबाईंनी ओठ घट्ट मिटले. हसू आवरण्याचा तो प्रयत्न होता आणि तो पुरता साधला नाही. "मी गाबा म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "ते मेंदूतल्या एका रसायनाचे नाव आहे. मोठे इंग्रजी नाव आहे, त्याची पहिली अक्षरे घेऊन गाबा म्हणतात. मेंदूचा वेग आवरणारे ते रसायन. केळीच्या गाभ्याशी त्याचा काही संबंध नाही."

"म्हणजे केळीचो न्हय?" बाबलीने विचारले.

"नाही."

"मगे मी इतक्यो केळी कित्याक तोडलंय?"

"तां माका पण कळूक होया," गुरुदास म्हणाला. त्याचा आवाज कोरडा पडला होता. "न व्यालेली केळ तोडलंस. ती कित्याक?"

"व्यालेल्यो संपल्यो, भावोजी. ताई म्हणाली, व्याक टेकलीहा तिच्यात असतलो थोडो. कोवळो."

"आणि माका सांगूक काय झाला होता?"

"तुमका?" नर्मदा म्हणाली. "मुतखडो झालो तेव्हा सासूबायनी तुमका महिनोभर गाब्याची भाजी घातली. तेवापासून गाबो म्हटला की तुमी ताट सरकवतास. आणि सांगू काय म्हणान? तुमचो गाबो कमी झालोहा म्हणान? दांड्यावर बोट लागली तेचा तुमका इतका लागला. त्यात ह्यां ऐकलास असतास तर?"

बाबली आता हसू लागला होता. "आमी जातीन गाबीत, भावोजी. गाबीताच्या डोक्यात गाबो कमी, ह्यां देवबागेत कोणाक सांगूक नको. मेलो तरी हसतले."

गुरुदास हसला नाही. काडेपेटीकडे पाहत तो बसून राहिला. इतके दिवस जे त्याने एकेक तंतू जोडून विणले होते ते उसवले होते खरे, परंतु उसवलेले जाळे हातात घेऊन बसलेल्या माणसासारखे त्यास झाले होते, टाकवत नव्हते.

बाईंनी चित्रे दाखविली. त्यांनी सांगितले, की झोप नसलेल्या लोकांत गाबा कमी असतो असे काही अभ्यासांत आढळले, काहींत आढळले नाही. म्हणूनच तो मोजावा लागतो. गुरुदासचे माप इतरांच्या मापांत बसणारेच आले होते. "पण एका माणसाच्या मापावरून निदान करता येत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही पुष्कळ माणसे एकत्र पाहतो. जोडणीचेही तसेच. मेंदूचे काही भाग धोका कोठे आहे यावर नजर ठेवतात. माणूस स्वस्थ पडला म्हणजे त्यांनी मागे सरावे. झोप नसलेल्यांत ते तसे मागे सरत नसावेत, बाकीच्या भागांना ते सतत टोचत असावेत, असे आम्हाला वाटते. पहारा बदलतच नाही, असे समजा."

"दोर धरून बसल्यासारखे," गुरुदास म्हणाला.

"कसला दोर?"

"काही नाही."

"तुमच्या चित्रात मात्र एक अडचण आहे." बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. "मी डोळे मिटायला सांगितले होते. मिटले होतेत का?"

"आरशात बघत होतो."

"काय?"

"यांस."

"मग ते चित्र हिशेबात धरता येणार नाही. पुन्हा काढावे लागेल. तयारी असेल तर आजच काढू." नंतर त्यांनी उपचाराविषयी सांगितले. गोळीपेक्षा सवयी बदलण्याचा मार्ग प्रथम धरावयाचा: झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचे, न आल्यास उठायचे, झोप कशीही झाली तरी सकाळी ठरल्या वेळी जागे व्हायचे, म्हणजे अंथरूण ही पहाऱ्याची जागा नव्हे, हे मेंदूस हळूहळू उमगते. "सुरुवातीचे काही आठवडे थकवा उलट वाढेल. तेवढ्या काळात माणसे बसवून बोट चालवू नका. दुसऱ्या कोणाकडे द्या."

गुरुदासचा हात आपोआप कमरेकडे गेला. म्हणजे अखेर तेथेच आले. केळ खरी, सूत खरे, गाबा खरा, आणि चावीही शेवटी जावयाचीच. त्याने बाबलीकडे पाहिले. बाबली जमिनीकडे पाहत होता. त्याची नजर आनंदाने चुकविलेली होती की संकोचाने, हे सांगणे कठीण होते.

"आणखी एक विनंती," बाई नर्मदेस म्हणाल्या. "तुलनेसाठी आम्हाला चांगली झोप असलेली, साधारण याच वयाची माणसे हवी असतात. तुमचे चित्र काढू का?"

"माजा?" नर्मदा दचकली. "माजो काय उपयोग नाय, बाय. माका खंय झोप आसा?"

"तू घोरतस," गुरुदास म्हणाला.

"तां घोरणा न्हय."

"मगे काय?"

नर्मदेने पदराचे टोक बोटास गुंडाळले. केळीचे सूत गुंडाळावे तसे. "तुमी जागे असलास की माका झोप येणा नाय," ती म्हणाली. "मी जागी आसंय ह्यां कळला तर तुमका आणखी त्रास. आपल्यामुळे ही पण जागी, म्हणान. म्हणान मी घोरतंय. घोरणा ऐकून तरी तुमका वाटतला, घरात एक माणूस झोपलाहा. दोघांका जागा रवान काय करूचा होता?"

डॉक्टरबाई संगणकाच्या कळांकडे पाहू लागल्या. बाबलीने नाक पुसले. गुरुदासला पुष्कळ काही म्हणावयाचे होते. त्यातील काहीही कचेरीतील भाषेत बसण्यासारखे नव्हते आणि घरच्या भाषेत परक्यांसमोर म्हणण्यासारखे नव्हते. शेवटी तो एवढेच म्हणाला, "फार सारख्या घोरतस. माका संशय होतो."

"तुमका कसलो संशय नाय?" नर्मदा म्हणाली.

यंत्राच्या खोलीच्या दाराशी पूर्वीप्रमाणेच धातू काढून ठेवण्यास सांगण्यात आले. गुरुदासने करगोटा सोडला. खणाकडे न पाहता त्याने तो चावीसकट बाबलीच्या हातात ठेवला. बाबलीने या खेपेस हात पुढे केलेला नव्हता, म्हणून चावी खाली पडता पडता वाचली.

"तुज्याकडेच ठेव," गुरुदास म्हणाला. "बाई सांगतली तवसर. दांडो यंदा उत्तरेक सरकलोहा. माडाची खूण धरून जा. मी पुढे बसान बघतलंय."

"बघा मां," बाबली म्हणाला. "तुमी बघणा सोडतलास थोडेच."

बोगदा तोच होता, पिंजरा तोच, आरसाही तोच. आरशात काच होती, काचेच्या मागे तीच तिघे. बाबली करगोटा मुठीत धरून उभा होता, जणू देवाचे काही सांभाळण्यास दिले असावे. नर्मदा डॉक्टरबाईंकडे वाकून काहीतरी विचारीत होती. तिने पदर तोंडास लावला होता. ती काय विचारीत असावी, हा प्रश्न गुरुदासच्या मनात उठलाच. तो उठू नये अशी त्याची इच्छा होती, तरीही उठला. ठोके सुरू झाले. त्याने आरशाकडे आणखी थोडा वेळ पाहिले आणि मग, भरतीच्या पाण्यात पाय टाकताना टाकावा तितक्या सावधपणे, डोळे मिटले. झोप आली नाही. कोणी येईल असे म्हटलेही नव्हते. काचेमागे काय चालले आहे हे न पाहता तो पडून राहिला, आणि ते त्यास वाटले होते त्याहून जड गेले.

बाहेर येऊन चपला घालताना त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"मी आत होतंय तेव्हा काय विचारी होतीस तिका?"

"घरात गाबो उरलोहा तो," नर्मदा म्हणाली. "जेवणात घातलो तर वायट तर नाय मा, म्हणान विचारलंय. की टाकूचो?"

"मगे?"

"वायट नाय म्हणाली. टाकू नको."

गुरुदासने विचार केला. केळी तर तोडून झाल्या होत्या.

"घाल मगे," तो म्हणाला. "पण सूत नीट काढ."